एकसष्टाव्या खोलीची शिफारस

१

ज्या दुकानाची ही गोष्ट आहे, तिथं खेळ विकत नसत. आठवड्याभरासाठी घरी न्यायला देत. पुस्तकांचं वाचनालय असतं तसंच, फक्त फळ्यांवर पुस्तकांऐवजी खोकी. खालपासून छतापर्यंत खोकीच खोकी. दारासमोर एक टेबल आणि टेबलावर पाटी: 'काय खेळावं? जाणकाराला विचारा.' पाटीमागं जो बसायचा त्याला मग सगळेच जाणकार म्हणायला लागले. दुकानाच्या मालकीणबाई म्हणायच्या, गिऱ्हाईकं म्हणायची, घरी धाकटी बहीणसुद्धा मुद्दाम चिडवायला म्हणायची, "अहो जाणकार, दूध उतू चाललंय!"

सुचवण्याच्या कामात मात्र माणूस पक्का होता. तीन प्रश्न विचारायचा. किती जण आहात? किती वेळ आहे? आणि हरल्यावर तुमच्या घरात सगळ्यात जास्त कोण फुगून बसतं? तिसऱ्या प्रश्नाला लोक हसत एकमेकांकडं बोटं दाखवायचे आणि तेवढ्यात याला घराची नाडी सापडायची. मग उठायचा, शिडी लावायचा आणि नेमकं खोकं काढून हातात ठेवायचा. सहसा चुकायचा नाही.

त्याचा खरा हातखंडा म्हणजे पटावरच्या लपंडावाचे खेळ. यात लपणाऱ्याची सोंगटी पटावर नसतेच. तो आपल्यापुढं पुठ्ठ्याचा आडोसा उभा करतो आणि प्रत्येक पाळीला आपण कुठं गेलो तो आकडा आडोशामागं कागदावर लिहितो. बाकीचे सगळे मिळून पटावर त्याला शोधतात. जाणकार हे सांगायला लागला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. "अहो, माणूस समोर बसलेला असतो, तुमच्याच बशीतलं बिस्किट खात असतो, आणि तरी सापडत नाही! सांगा बघू, दुसऱ्या कुठल्या खेळात आहे ही मजा?"

आता झाकली मूठ उघडायला हवी. दुकानात असले अठरा खेळ होते आणि त्यातले जाणकार स्वतः चार खेळला होता. तेही शोधणाऱ्यांच्या बाजूनं. आडोशामागं तो जन्मात कधी बसला नव्हता. बसवत नसे त्याला. चार माणसं आपल्याला शोधतायत म्हटलं की त्याचे कान लाल व्हायचे, चेहऱ्यावर सगळं उमटायचं. उरलेल्या चौदा खेळांबद्दल तो नियमांची पुस्तिका वाचून बोलायचा, आणि इतकं रंगवून बोलायचा की कधीकधी त्याचा स्वतःचाच विश्वास बसायचा. एरवी मात्र दुकान बंद करताना त्या फळीकडं बघायची त्याला लाज वाटे.

'ऐंशी खोल्या' हा त्या चौदांतलाच एक. एका अवाढव्य घराचा पट, ऐंशी आकडे घातलेल्या खोल्या, खोल्यांना जोडणाऱ्या रेघा. लपणारा तो पाहुणा, शोधणारे ते घरचे. पाहुण्यानं एकदा सोडलेल्या खोलीत परत यायचं नाही. दर चौथ्या पाळीला तो आत्ताच जिथून निघाला त्या खोलीवर एक लाल मणी ठेवायचा: इथं होतो, पण गेलो. पाहुणा सापडला, किंवा शेवटी त्यानं आपली सगळी वाट वाचून दाखवली, की खेळ संपला.

प्रत्येक खोक्याच्या झाकणावर जाणकाराच्या अक्षरात शिफारशीचं कार्ड चिकटवलेलं असे. हे खोकं आलं त्या दिवशी कोरी कार्डं संपली होती. खोक्यातच एक जाड पिवळी चिठ्ठी होती, एका बाजूनं कोरी. दुसऱ्या बाजूला दोनतीन ओळी छापल्या होत्या. त्या वाचायचे कष्ट कोण घेतो? त्यानं कोऱ्या बाजूवर सुबक अक्षरात लिहिलं: 'मी हा खेळ कितीदा खेळलो ते मोजणं आता सोडून दिलंय. दर वेळी वाटतं पाहुणा सापडलाच, आणि दर वेळी तो पुढच्या खोलीत असतो. डोळे झाकून न्या.' छापील बाजूला भरपूर डिंक थापला आणि चिठ्ठी झाकणावर दाबून बसवली.

हे कार्ड सगळ्यांना फार आवडायचं.

२

सगळ्यात आधी तो खेळ नेला चष्मेवाल्यानं. नेताना तिघं आले होते: तो, त्याची बायको आणि मेहुणा. आठवड्यानं खोकं परत करायला बायको एकटीच आली.

"आवडला का?" जाणकारानं विचारलं.

"बाई गं, काय विचारता! हे पाहुणा झाले होते. सापडलेच नाहीत शेवटपर्यंत."

"मग वाट वाचून दाखवली असेल त्यांनी."

"नाही ना, ते राहिलंच. मग जेवायची वेळ झाली." ती हसली. "हेही आलेत. बाहेर आहेत."

जाणकारानं काचेतून बघितलं. बाहेर फुटपाथ होता, एक सायकल टेकवलेली होती, समोरच्या शिंप्याचं दार होतं. ती गेली तेव्हा एकटीच गेली, पण जाताना मान मागं वळवून म्हणाली, "चला ना, येताय का?" आणि पुढं चालत राहिली.

खोकं तपासायचं काम त्याचंच. मणी मोजले, सोंगट्या मोजल्या, पाहुण्याच्या कागदांची वही उघडली. वापरलेला कागद फाडून फेकायचा, म्हणजे पुढच्याला कोरा मिळतो. चष्मेवाल्याच्या कागदावर नऊ आकडे होते. नववा एकसष्ट. पुढं काही नाही.

चार दिवसांनी जाणकाराच्या स्वतःच्या चष्म्याची दांडी सैल झाली म्हणून तो चष्मेवाल्याकडं गेला. गल्ल्यावर बायको.

"आत आहेत. भिंग घासतायत," ती म्हणाली. आतून घासायच्या चाकाचा आवाज येत होता. बारीक, सलग, दात शिवशिवायला लावणारा. "जा ना आत, तुम्ही काय परके आहात?"

तो पडद्यापर्यंत गेला आणि आवाज थांबला. पडदा बाजूला केला. अरुंद खोली, दिवा चालू, चाक अजून मंद फिरत होतं. स्टुलावर हात ठेवला तर स्टूल ऊबदार. खोलीला खिडकी नव्हती, आणि दार होतं ते एकच, ज्यात तो स्वतः उभा होता.

"दिसत नाहीत," तो बाहेर येऊन म्हणाला.

"मग मागं गेले असतील," ती म्हणाली आणि दांडीचा स्क्रू स्वतःच आवळून दिला. तिच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नव्हती. मागं म्हणजे कुठं, हे विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण लोकांच्या घरातली दारं मोजायची आपल्याला काय गरज, असं म्हणून तो निघाला.

३

माणसाचं डोकं मोठं हुशार. नको ते दिसलं की लगेच कारण काढून देतं. चष्मेवाला लाजाळू असेल. नवराबायकोचं काही बिनसलं असेल. स्टुलावर मांजर बसलं असेल.

पण मग शिवणकामाच्या बाईंनी खेळ नेला, आणि परत करताना त्यांची सून म्हणाली, "सासूबाई ना? आत आहेत." संगीत शिकवणाऱ्या मास्तरांनी नेला. त्यांच्या घरी खोकं आणायला जाणकार स्वतः गेला, कारण तारीख उलटली होती. मास्तरांच्या मुलीनं दार उघडलं. आतल्या खोलीत पेटी वाजत होती, आणि वरचा एक सूर ओढताना मास्तरांना नेहमी लागायचा तो ठसका लागला. "बाबा, जाणकार आलेत!" मुलगी ओरडली. पेटी थांबली. दोघं वाट बघत उभे राहिले. थोड्या वेळानं पेटी वाजायला लागली ती पाठीमागच्या खोलीतून.

"असंच चालतं त्यांचं हल्ली," मुलगी कौतुकानं म्हणाली.

"हल्ली तुम्ही बघितलंय का त्यांना?"

तिला प्रश्न समजलाच नाही. "घरातच तर असतात की," ती म्हणाली.

दोन महिन्यांत सहा घरं झाली. सहा कागद. पहिला त्यानं फेकला होता, पण नंतरचे पाच का कोण जाणे ड्रॉवरमध्ये ठेवले होते. प्रत्येकाची वाट वेगळी, कुणी सातव्या ओळीत पोचलं, कुणी बाराव्या, पण शेवटचा आकडा सगळ्यांचा एकच.

एका दुपारी दुकान रिकामं असताना त्यानं पट उघडून एकसष्ट नंबरची खोली शोधली. कोपऱ्यातली छोटी खोली. साठ नंबरमधून एक रेघ आत आली होती. बाहेर जाणारी रेघ बोटानं शोधली, चष्मा काढून शोधली. छे! असेल बारीक, आपल्यालाच दिसत नसेल. खेळलो असतो तर कळलं असतं, हा विचार आला आणि कान तापले. मालकीणबाईंना विचारावं तर त्या म्हणणार, "अहो, तुम्हीच तर लिहिलंय ना कितीदा खेळलो म्हणून?"

तेवढ्यात दार वाजलं. एक कुटुंब आत आलं आणि झाकणावरचं कार्ड वाचून म्हणालं, हाच द्या. तेव्हा तरी तो नाही म्हणाला, बरं का. "याचा एक मणी हरवलाय," म्हणून त्यानं खोकं टेबलाखाली सरकवलं आणि दुसरा खेळ दिला. आणि संध्याकाळी ते खोकं फळीवर ठेवण्याऐवजी पिशवीत घालून घरी नेलं, कपाटावर टाकलं. नजरेआड केलं की झालं, असं त्याला वाटलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४

घरी तिघंच: आई, तो आणि धाकटी बहीण. बहिणीला घरात छोटी म्हणत, तिशी ओलांडली तरी. ती दातांच्या दवाखान्यासाठी साचे करायची, घरी यायची ती बोटांना पांढरी पूड लावून. तिच्या दोन सवयी होत्या. चहा झाला की कप पालथा घालायची. आणि खोलीतून बाहेर पडताना दाराच्या चौकटीवर दोन टिचक्या मारायची, टक टक. लहानपणी भावाला 'मी चालले हं' म्हणून सांगायची ती खूण होती. ती तशीच राहून गेली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी तिनं कपाटावरून खोकं काढलं.

"हा तो तुझा लाडका ना? जगाला सुचवतोस आणि घरच्यांना कधी दाखवत नाहीस. काकूंना बोलावते, आज खेळूच."

"राहू दे गं," तो म्हणाला. "कंटाळवाणा आहे."

छोटीनं झाकणावरचं कार्ड मोठ्यानं वाचलं, अगदी त्याच्या आवाजाची नक्कल करत. मग म्हणाली, "कंटाळवाणा? दादा, तू खेळलायस ना हा?"

एक 'नाही' पुरला असता. एवढासा शब्द. ती हसली असती, आठवडाभर आईसमोर खेचली असती, आणि खोकं परत कपाटावर गेलं असतं. पण ती त्याच्याकडं बघत होती, लहानपणी गणितं अडली की बघायची तशी, दादाला येणारच अशा खात्रीनं.

"अगं, दहादा खेळलोय," तो म्हणाला.

"मग झालं तर! मी पाहुणा."

त्यानं दुकानात मोजदाद आहे असं सांगितलं आणि घराबाहेर पडला. दुकान बंद होतं. तो दोन तास बागेतल्या बाकावर बसून राहिला. स्वतःला समजावत राहिला की पुठ्ठ्याचा खेळ आहे, पुठ्ठ्यानं कुणाचं काय होतंय?

दुपारी एकला घरी आला तेव्हा आई आणि शेजारच्या काकू टेबलाशी बसल्या होत्या. पट मांडलेला होता. तिसऱ्या खुर्चीपुढं पुठ्ठ्याचा तपकिरी आडोसा उभा होता, आडोशामागं कागद, कागदावर पेन्सिल. खुर्ची जराशी मागं सरकलेली.

"छोटी कुठंय?"

"आत आहे," आई म्हणाली.

आतल्या खोलीतून आवाज आला. टक टक.

५

त्यानंतरचे दिवस त्यानं कसे काढले ते त्याचं त्याला ठाऊक.

छोटी घरात होती. हे कुणीही शपथेवर सांगितलं असतं. सकाळी न्हाणीघरात पाणी वाजायचं, तो दाराशी जाऊन थांबायचा, पाणी बंद व्हायचं, दार नुसतंच लोटलेलं असायचं. आत ओली फरशी, गरम वाफ, आरशावर हात पुसल्याची खूण. आणि पाठीमागं, स्वयंपाकघराच्या चौकटीवर, टक टक. तो धावत स्वयंपाकघरात जायचा तर ओट्यावर पालथा घातलेला कप. कप गरम.

त्यानं सगळी दारं एकदम उघडी ठेवून पाहिली. मग सगळी बंद करून पाहिली. मधल्या बोळात उभा राहिला, म्हणजे कुठूनही निघाली तरी त्याच्यासमोरून जावं लागेल. एक तास उभा होता. आई वाटाणे सोलत त्याच्याकडं बघत होती.

"अरे, काय शोधतोयस?"

"छोटीला."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. "आत आहे की ती."

"आई, तू शेवटचं कधी बघितलंस तिला? तोंड कधी बघितलंस?"

आईचा हात थांबला. तिच्या कपाळावर एक आठी येते आहे असं त्याला वाटलं, आणि तो आशेनं पुढं वाकला. पण पलीकडं कुणीतरी नळ सोडला आणि आठी गेली. "आत्ताच तर गेली," असं म्हणून ती पुन्हा वाटाण्यांकडं वळली.

चौथ्या दिवशी छोटीचा केसांचा लाल चाप बोळाच्या मधोमध जमिनीवर पडलेला होता. आठव्या दिवशी तो त्याच्या उशीवर होता. दोन्ही वेळा त्यानं उचलला तेव्हा तो अंगावरच्या कपड्यासारखा कोमट होता, आणि त्याला पांढरी पूड लागलेली होती.

तिच्या कामावर फोन केला. "आहेत ना," तिथली मुलगी म्हणाली, "आत साचे काढतायत. बोलावू?" मग बराच वेळ फोनवर नुसता खोलीचा आवाज. "आत्ता इथं होत्या हो," ती म्हणाली.

त्याला कुणीच दोष देत नव्हतं. हेच सहन होत नव्हतं. आईनं एक थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. छोटी नाही हे त्या घरात फक्त त्याला कळत होतं, आणि का कळत होतं हेही त्याला कळत होतं. तो एकटाच काहीतरी लपवून होता.

६

नवव्या दिवशी त्यानं नियमांची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सगळ्यात शेवटी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'सोबतची पिवळी दुरुस्ती-चिठ्ठी कृपया आधी वाचावी.'

त्यानं खोक्याचं झाकण पुढ्यात ओढलं.

डिंक पक्का बसला होता. त्यानं किटलीची वाफ दिली, सुरीचं पातं घातलं, पाण्याचा बोळा फिरवला. कडा सुटल्या. अर्धी चिठ्ठी वर आली आणि उलटून बघितली तर छापील अक्षरं दिसली: 'दुरुस्ती. खोली क्रमांक ६१ मधून बाहेर जाणारी रेघ छपाईत राहून गेली आहे. खेळण्यापूर्वी ६१ पासून' आणि तिथं कागदाचा पापुद्रा झाकणालाच चिकटून राहिला होता. त्यानं नखानं खरवडला. भिजलेला पापुद्रा अंगठ्याखाली लगदा झाला, शाई पसरली, आणि आकडा गेला.

चिठ्ठीच्या दुसऱ्या बाजूला मात्र त्याचं स्वतःचं अक्षर जसंच्या तसं होतं. 'मी हा खेळ कितीदा खेळलो ते मोजणं आता सोडून दिलंय.' खऱ्याचा आकडा पुसला गेला आणि खोटं तेवढं शाबूत राहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खेळ छापणारे कधीच बंद पडले होते. दुसरी प्रत कुठं नव्हती. एकसष्टच्या आसपास साठ सोडून तीन खोल्या होत्या: बासष्ट, अठ्ठेचाळीस आणि सत्तर. त्यानं पेन्सिल घेतली आणि अंदाजानं एकसष्ट ते बासष्ट अशी रेघ ओढली.

घरात, जेवणाच्या खोलीच्या भिंतीवर, जिथं ना दार होतं ना खिडकी, कुणीतरी आतून थाप मारली. मग दुसरी. मग पुष्कळ हातांनी एकदम, धडाधड. टांगलेलं घड्याळ हललं. त्यानं घाईघाईनं रेघ खोडली, आणि थापा थांबल्या त्या एकेक करून, दमलेल्या माणसांचे हात खाली यावेत तशा. आणखी रेघ ओढून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

"आई," तो म्हणाला. आई समोरच बसून त्याच्याकडं बघत होती. "आई, त्या खेळाचं तुला काही सांगायचंय. मी तो..."

"चांगला आहे रे खेळ," आई म्हणाली. "तू सुचवलास म्हणजे चांगलाच असणार. छोटी म्हणाली ना, दादा दहादा खेळलाय म्हणून."

त्यानं पट मिटून खोक्यात ठेवला. तिच्यासमोर तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच. मग त्यानं ठरवलं की जिला खोटं सांगितलं तिलाच जाऊन खरं सांगायचं. आकडा माहीत नाही तर नाही. पण निदान ती आतमध्ये दादाच्या भरवशावर बसून राहायला नको.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्यानं काकूंना बोलावलं. दिवस लख्ख होता, खिडकीतून ऊन टेबलावर आलेलं. पट मांडला. आईला आणि काकूंना घरच्यांच्या सोंगट्या दिल्या. आणि जन्मात पहिल्यांदा पुठ्ठ्याचा आडोसा स्वतःपुढं उभा केला.

"अगंबाई, आज जाणकार पाहुणा!" काकू म्हणाल्या. "आमचं काही खरं नाही मग."

छोटीचा कागद त्याच्यासमोर होता. तिच्याच वाटेनं जायचं त्यानं ठरवलं होतं. तीन. अकरा. बारा. कान तापले होते. "चेहऱ्यावरून कळतंय हं," आई म्हणाली आणि सोंगटी भलतीकडंच नेली. चौथ्या पाळीला त्यानं लाल मणी ठेवला. त्या हसल्या, चिडल्या, भांडल्या. सत्तावीस. अठ्ठावीस. एकोणचाळीस. चाळीस. साठ.

नववी ओळ. त्यानं एकसष्ट लिहिलं.

"हं, आता आमची पाळी," आई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण शेजारच्या घरातून यावा तसा.

त्यानं मान वर केली. आडोसा समोरच होता. फक्त त्याची वरची कड दिसत नव्हती. तपकिरी पुठ्ठ्याचा तो रंग वर वर गेला होता, आणि उजवीकडंही तोच होता, आणि डावीकडंही. उजेड होता, पण ऊन नव्हतं. कुठंतरी चाक घासल्याचा बारीक आवाज येत होता. कुणीतरी ठसकलं.

मग त्याला माणसं दिसली. भिंतीकडं तोंड करून उभी होती, सातजण, आणि तळहात भिंतीवर टेकवून सावकाश फिरवत होती. वर, खाली, बाजूला. ज्यानं हे फार दिवस केलंय तोच इतक्या सावकाश करेल. एका तळहाताला पांढरी पूड लागलेली होती.

"छोटी," तो म्हणाला.

सगळे एकदम वळले. त्यांच्या चेहऱ्यांबद्दल इथं काही सांगत नाही. एवढंच सांगतो की त्याला बघून ते सगळे चेहरे आनंदले.

"जाणकार आले!" चष्मेवाला म्हणाला. त्याचा आवाज गंजलेला होता. "अहो, जाणकार आले!"

"मी सांगत होते ना तुम्हाला?" छोटी रडतही होती आणि हसतही होती. ती पुढं आली आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिची नखं झिजून गेली होती. "मी सांगत होते, दादा येईल. त्याला माहीत आहे. दादा, कुठून निघायचं रे?"

तो हेच तर सांगायला आला होता. वाक्य तयार होतं, रात्रभर घोकलेलं: छोटी, मी हा खेळ कधी खेळलोच नाही.

तेवढ्यात पुठ्ठ्यापलीकडं, अगदी हाताच्या अंतरावर, दाराची घंटा वाजली. आई उठल्याचा आवाज आला, मग मालकीणबाईंचा.

"जाणकार आहेत का? आज दुकानात आले नाहीत."

"आहे ना," आई म्हणाली. "आत आहे."

"बोलवू नका, राहू दे. मी तो खेळ न्यायला आले होते. एक मोठं कुटुंब आलंय, त्यांना हाच हवाय. अरे, कार्ड निघालंय वाटतं? अहो, जरा डिंक आहे का घरात?" मग कागद सरळ केल्याचा आवाज, आणि मालकीणबाई, त्यांना ते कार्ड फार आवडायचं म्हणून, मोठ्यानं वाचायला लागल्या: "'मी हा खेळ कितीदा खेळलो ते मोजणं आता सोडून दिलंय...'"

आत सगळे ऐकत होते. शिवणकामाच्या बाई मान डोलवत होत्या. संगीताच्या मास्तरांनी डोळे पुसले. वाचून झालं तेव्हा सातही जण त्याच्याकडं वळून उभे राहिले, शहाण्या मुलांसारखे.

"सांग ना, दादा," छोटी म्हणाली.

जाणकारानं तोंड उघडलं. कान तापले, चेहऱ्यावर सगळं उमटलं असणार, पण कुणाला ते वाचता आलं नाही. त्यानं तिच्या हातातून आपला हात हळूच सोडवून घेतला आणि भिंतीवर टेकवला.

"थांब," तो म्हणाला. "जरा आठवू दे."